हरकरे सरांकडे इंग्रजी

५ जानेवारी, रविवार

मोना म्हणाली, "आई, डायरी अंग्रेजी में लिखो, अपने आप आ जाएगी." म्हणून पहिलं पान इंग्रजीत लिहायला बसले. टुडे इज संडे. आय वॉश्ड क्लोद्स. दोन ओळींत माझा आख्खा रविवार संपला. धुण्यावरून शेजारणीशी वाजलं, ह्यांनी दुर्गहून आणलेली मेथी निम्मी सडकी निघाली, त्यातलं एक अक्षर इंग्रजीत उतरेना. पोरीला सांगायचं नाही, पण ही वही मराठीतच चालणार.

इंग्रजी शिकायचं कारण असं की फॅक्टरीत क्रेन सुपरवायझरची जागा निघाली आहे. हथखोजला आमच्या शेडमध्ये पुलांचे गर्डर बनतात आणि ते उचलणारी क्रेन मी बारा वर्षं चालवते आहे. चाळीस फुटांवरच्या केबिनमध्ये बसणारी मी एकटीच बाई. चार पुरुष माझ्याकडून शिकून ऑपरेटर झाले, त्यातला एक आता रायपूरला सुपरवायझर आहे. पण मुलाखत घ्यायला हेड ऑफिसचे साहेब येणार, ते दक्षिणेकडचे, हिंदी त्यांना जवळपास येतच नाही. माझी इंग्रजी म्हणजे लोड, स्लिंग, ब्रेक आणि ओके.

आमचे मॅनेजर हरकरे सर नागपूरकडचे, आपल्यातलेच मराठी. स्वतःहून म्हणाले, "शैलाताई, ग्रामरचं पुस्तक कपाटात ठेवा. बुधवारी ड्युटी संपल्यावर आणि रविवारी संध्याकाळी घरी या. नुसत्या गप्पा मारू, इंग्लिशमध्ये." आज पहिल्यांदा नेहरू नगरला गेले. अनुजावहिनींनी चहा, चिवडा दिला. सर विचारत गेले, मी मरोद्याच्या घराबद्दल, ह्यांच्या रेल्वेच्या नोकरीबद्दल तोडकंमोडकं बोलत गेले. हसले नाहीत एकदाही. एवढ्या मोठ्या माणसाने एवढा वेळ द्यावा याचं मला फार बरं वाटलं.

९ जानेवारी, गुरुवार

तेजरामचा हात गेला. उजवा. गर्डरखाली.

क्रेन माझी होती.

१० जानेवारी, शुक्रवार

काल पुढे लिहवलं नाही. आज लिहिते.

तेजराम आमचा खलासी, ठेकेदाराकडचा. खाली उभा राहून गर्डरला स्लिंग बांधायची आणि मला हाताने इशारे करायचे, हे त्याचं काम. वर केबिनमध्ये आवाज काही ऐकू येत नाही, हातच बोलतात. आमच्या कामाचा एक कायदा आहे. 'थांब' हा इशारा कोणीही करो, झाडूवाल्यानेसुद्धा, थांबायचं. पण 'खाली सोड' हा इशारा फक्त आपल्या खलाशाचा मानायचा. मालक येऊन नाचला तरी मानायचा नाही. हे मी चौघांना शिकवलंय.

तीनच्या सुमाराला गर्डर ठोकळ्यांच्या वर लटकत होता. ट्रेलर दारात उभा, डिस्पॅचची घाई. तेजराम वाकून ठोकळा सरकवत होता. खालून इशारा आला आणि मी सोडला. वीतभरच सोडला असेल. पण त्याचा हात ठोकळ्यावर होता.

ह्यांनी जेवताना विचारलं, "इशारा कोनाचा होता?"

मी म्हटलं, खालून आला.

"खालून त सगळेच असते. कोनाचा?"

मी ताट उचलून मोरीत गेले.

त्या बाजूचा कॅमेरा दिवाळीपासून बंद आहे. आज शेडमध्ये जो तो म्हणत होता की तेजरामनेच चुकून हात वर केला असेल. कोणी पाहिलं, विचारलं तर कोणीच नाही.

१२ जानेवारी, रविवार

आज जाणार नव्हते. सरांचाच फोन आला, "घरी बसून डोकं खराब कराल, या." गेले.

म्हणाले, ज्या गोष्टीचा त्रास होतोय तीच इंग्लिशमध्ये सांगा, मन हलकं होईल आणि शब्दही सापडतील. अर्धा तास लागला मला. शेवटी ह्यांना जे सांगितलं नव्हतं ते सरांना सांगितलं. व्हाइट हेल्मेट, सर. हॅन्ड डाउन, डाउन.

खलाशांचं हेल्मेट पिवळं, आमचं निळं, साहेब लोकांचं पांढरं. वरून तोंड दिसत नाही, हेल्मेटच दिसतं. पांढरं हेल्मेट होतं, ट्रेलरच्या बाजूला, आणि त्याचा हात 'सोड, सोड' करत होता. साहेबाचा हात म्हटल्यावर मी सोडलं. बारा वर्षांत जे केलं नाही ते त्या एका क्षणात केलं. हे लिहितानासुद्धा मला माझी लाज वाटते.

सरांनी किती लक्ष देऊन ऐकलं! चहा तसाच निवला त्यांचा. तीन वेळा विचारलं, चेहरा दिसला का, शर्ट कोणता होता, किती लांब होता. दर वेळी मला नवीन वाक्य जुळवावं लागलं, चांगला सराव झाला. मग म्हणाले, त्या वेळी पत्र्याच्या फटीतून ऊन येतं ना? उन्हात पिवळं पांढरं दिसू शकतं ना? मी म्हटलं, दिसू शकतं बहुतेक. "से इट इन इंग्लिश," म्हणाले. म्हटलं.

स्वतः सर त्या वेळी ऑफिसमध्ये डिस्पॅचच्या फोनवर होते, नाहीतर त्यांनीच पाहिलं असतं.

१५ जानेवारी, बुधवार

दवाखान्यात गेले, सोबत तिळाच्या वड्या नेल्या. कशा देऊ कळेना, खाटेजवळच्या कपाटावर ठेवल्या. हात मनगटाच्या वर कापलाय. तेजराम भिंतीकडे बघत होता. त्याची बायको सुनिता म्हणाली, ठेकेदाराचा माणूस येऊन सांगून गेला, गलती तेजरामची निघाली तर गेट पास कायमचा बंद, आणि इकडच्या कुठल्याच फॅक्टरीत कोणी उभं करणार नाही.

तेजराम तसाच भिंतीकडे बघत बोलला, "मैं हाथ नइ उठाय रेहेंव, दीदी. तुमन तो ऊपर ले देखत रेहेव."

मी म्हटलं, आराम करो भाई. मग निघाले. वर बसून मी पाहत होते, हे तो मला ऐकवत होता की माझ्यावर भरवसा टाकत होता, रस्ताभर विचार करत आले.

१९ जानेवारी, रविवार

सर आज फार मन लावून शिकवत होते. म्हणाले, बोलणं सुधारतंय, आता एक पान लिहा. विषय काय? तोच दिवस. "मुलाखतीत विचारणारच, तयारी झालेली बरी." मी लिहिलं, त्यांनी लाल पेनाने सुधारलं. पांढऱ्या हेल्मेटची ओळ खोडली. ज्याची खात्री नाही ते इंग्लिशमध्ये लिहू नये, म्हणाले, समोरचा पकडतो, मग उत्तर देता देता पुरेवाट होते. त्याजागी लिहून दिलं की खलाशाकडून इशारा मिळाला असं मला वाटलं. मी म्हटलं, सर, असं तर नाही वाटलं. हसून म्हणाले, "शैलाताई, हा निबंध आहे, कोर्ट नाही."

मग कोऱ्या पानावर सुवाच्य उतरवून घेतलं. खाली नाव, टोकन नंबर, तारीख, सही. इंग्रजी कागद असाच संपवतात म्हणे. पान त्यांनी माझ्या फाइलला लावायला ठेवून घेतलं.

घरी येऊन कौतुकाने सांगितलं तर हे एकदम कावले. तीस वर्षं रेल्वेत पॉइंट्समन होते, कागद म्हटला की ह्यांना विंचू दिसतो.

"सही काऊन केली तू?"

अहो, अभ्यासाचं पान आहे.

"अभ्यासाच्या पानावर टोकन नंबर राहते का? कुठी हाय तो कागद?"

सरांकडे.

"मंग झाला तुया अभ्यास."

मीही बोलले. म्हटलं, बायको सुपरवायझर होऊन राहिली हे तुम्हाला बघवत नाही. वाईट बोलले. ते दूध आणायला गेले ते तासाभराने आले.

२२ जानेवारी, बुधवार

आज मजा आली. सर एका मीटिंगमध्ये अडकले, म्हणून अनुजावहिनींनीच शिकवणी घेतली. हळदीकुंकवाचं वाण दिलं, स्टीलचा डबा, आणि म्हणाल्या, चला, आज बायकाबायकांची इंग्लिश. त्यांचं बोलणं भरभर, पण मला जवळपास सगळं कळलं! एका वाक्यालासुद्धा थांबवलं नाही मी त्यांना.

बिचाऱ्या काळजीत आहेत. सरांना झोप नाही. अपघाताच्या दिवशी घरी आले ते बूट दाराबाहेरच काढले, शर्ट स्वतः धुतला, कधी रुमाल धुवत नाहीत. जेवले नाहीत. एवढंच म्हणत होते, तो माणूस माझ्यापासून टू स्टेप्स अवे होता. टू स्टेप्स अवे, म्हणजे दोन पावलांवर. हा नवीन शब्द. फार हळवे आहेत म्हणाल्या, तुम्ही विषय काढू नका त्यांच्याजवळ.

मी कशाला काढू? घरी येऊन मोनाला सगळं इंग्रजीत सांगून दाखवलं. पोरगी टाळ्या वाजवत होती.

२४ जानेवारी, शुक्रवार

आज सकाळी केबिनमधून खाली पाहिलं. डावीकडे मॅनेजरचं ऑफिस, काचेचं. तिथून तेजरामच्या ठोकळ्यांपर्यंत चांगली सत्तर पावलं.

दोन पावलांवर होता म्हणे.

मी दोन दिवस तो शब्द घोकत होते. पाठ करत होते बाई मी, स्कूटरवर, स्वयंपाक करताना. आणि आज तिथे बसल्याबसल्या त्याचा अर्थ कळला. हात लिव्हरवर होते, ते मी उचलून मांडीवर ठेवले. खालून नवीन खलासी इशारे करत राहिला, त्याला वाटलं क्रेन बंद पडली.

शेडमध्ये पांढरी हेल्मेटं पाच. चौघं त्या दिवशी रायपूरला ट्रेनिंगला होते. हे मला काय माहीत नव्हतं? हजेरीचा फळा मी रोज बघते. माहीत होतं, जोडून बघितलं नव्हतं. का नाही बघितलं, ते लिहायची आज हिंमत नाही.

जेवणाचा डबा तसाच परत आणला.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी फॅक्टरीत झेंडावंदन. सरांनी भाषण केलं, सुरक्षा सर्वप्रथम. लाडू वाटले.

संध्याकाळी शिकवणीला जायचं नाही असं ठरवून पोळ्या लाटायला घेतल्या, आणि सव्वापाचला साडी बदलून गेले. त्यांच्या तोंडावर विचारणार होते. खरंच विचारणार होते.

सर म्हणाले, तीन तारखेला हेड ऑफिसचे साहेब येताहेत. सकाळी अपघाताची चौकशी, दुपारी तुमची मुलाखत. दोन्ही तेच घेणार. तुमचं पान मी फाइलला लावलंय, तेच तुमचं स्टेटमेंट. साहेब विचारतील, हे तुमचंच का? फक्त येस सर म्हणायचं. त्यांनी पान आधीच वाचलंय, इंग्लिश बघून खूश झालेत, समजा जागा तुमचीच.

मग साहेब होऊन त्यांनी मला सात वेळा विचारलं आणि मी सात वेळा येस सर म्हटलं. सातव्यांदा "व्हेरी गुड" म्हणाले. त्यांचा कप बशीवर वाजत होता. मला त्यांची कीव आली, आणि त्याच वेळी असं वाटलं की हा कप त्यांच्या अंगावर फेकावा. यातलं काहीच केलं नाही. वहिनींनी पोह्यांचा डबा भरून दिला, तो घेऊन आले.

वहीत तरी खरं लिहू. मला ती जागा पाहिजे. बारा वर्षं शिडी चढून गुडघे गेले माझे. पांढरं हेल्मेट घालून खालून वर बघावं असं मला वाटतं. आणि खरं बोलले तर नुसते सर जाणार नाहीत, मीही जाईन. खलाशाचा नसलेला इशारा मी मानला. लिव्हर माझ्या हातात होता. पानावर जे लिहिलंय त्याने आम्ही दोघंही सुटतो. एक तेजराम सोडून.

२९ जानेवारी, बुधवार

शिकवणीला गेले नाही. डोकं दुखतं असा निरोप दिला.

ह्यांना सगळं सांगितलं. रागावतील वाटलं होतं. टीव्हीचा आवाज बंद केला. मग म्हणाले, "मी काही सांगत नाही तुले. मी सांगतलं त जन्मभर म्हणशील का तुमच्यानं माही नोकरी गेली."

म्हटलं, तुमच्या जागी तुम्ही काय केलं असतं?

"मी भेकड मानूस हाय शैले. म्हनून त कधी सहीच केली नाही कोठी."

एवढ्या वर्षांत हे पहिल्यांदाच बोलले असं काही.

३ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी दहाला कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं. हेड ऑफिसचे साहेब मधोमध, टक्कल पडलेले, शांत. एका बाजूला सेफ्टी ऑफिसर आणि एचआरच्या मॅडम. दुसऱ्या बाजूला हरकरे सर, कारण साहेबांना हिंदी कळत नाही म्हणून तेच सगळं इंग्रजीत सांगणार होते. दाराजवळ दोन खुर्च्यांवर तेजराम आणि सुनिता. तेजरामने नवा शर्ट घातला होता, उजवी बाही पिनेने दुमडून लावलेली.

आधी त्याला विचारलं. तो उभा राहिला आणि हिंदीत म्हणाला, "साहब, मैंने हाथ नहीं उठाया. मेरा हाथ तो गुटके पर था. दोनों हाथ." गुटका म्हणजे ठोकळा.

हरकरे सर साहेबांकडे वळून म्हणाले, "ही सेज ही डझ नॉट रिमेंबर, सर. ही वॉज इन शॉक."

मला कळलं. प्रत्येक शब्द कळला. महिन्यापूर्वी नसता कळला, त्यांनीच घरी बसवून शिकवला होता. सेफ्टी ऑफिसर आणि मॅडमना तर माझ्या आधी कळलं असणार. दोघांनी माना खाली घातल्या, मॅडम पेनाचं टोपण काढू-घालू लागल्या. साहेबांनी कागदावर काहीतरी लिहिलं. तेजराम 'आपलं सांगून झालं' अशा समाधानाने खाली बसला.

मग माझं पान पुढे सरकवलं. साहेबांनी विचारलं, "इज धिस युअर स्टेटमेंट?" सरांनी माझ्याकडे पाहिलं, हलकेच मान हलवली, शिकवणीत हलवतात तशी.

मी म्हटलं, "रायटिंग माय, सर. सही माय. बट ही रिमेंबर्स."

साहेबांना कळेना. मी तेजरामकडे बोट दाखवलं. "ही सेड, नो हॅन्ड. बोथ हॅन्ड ऑन ब्लॉक. मिस्टर हरकरे टोल्ड यू राँग."

सर उठून उभे राहिले, म्हणाले, शैलाताई, हिंदीत बोला, मी सांगतो साहेबांना. मी म्हटलं, नको सर, आता मीच सांगते. पुढचं कसं बोलले मला आठवत नाही नीट. चुका किती झाल्या देव जाणे. सांगितलं की खलाशाचा इशारा नसताना मी गर्डर सोडला, ती चूक माझी. इशारा पांढऱ्या हेल्मेटचा होता. त्या दिवशी शेडमध्ये पांढरं हेल्मेट एकच होतं, हजेरीचा फळा काढून बघा. वहिनींचं नाव मी घेतलं नाही. सर खाली बसले, चष्मा काढून टेबलावर ठेवला. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

साहेबांनी माझं पान उचलून धरलं आणि हळूहळू, मला समजेल असं विचारलं की मग हे सगळं यात का नाही लिहिलंत? महिनाभर का नाही सांगितलंत?

मी म्हटलं, "बिकॉज आय वॉन्टेड द पोस्ट, सर."

त्यांनी तेही लिहून घेतलं. दुपारची मुलाखत होणार नाही असं मॅडमनी सांगितलं. निकाल लागेपर्यंत मी केबिनमध्ये चढायचं नाही. हरकरे सरांनाही उद्यापासून यायचं नाही असं सांगितलं. तेजरामचं ते पुन्हा लिहून घेणार आहेत, दुसरा माणूस बसवून.

बाहेर पार्किंगमध्ये स्कूटरची किल्ली सापडेना. पर्स उपसत होते तर तेजराम आणि सुनिता येऊन उभे राहिले. सुनिताचे डोळे भरलेले, तिने माझा हात धरला. आत काहीतरी त्यांच्या बाजूचं झालं एवढं त्यांना कळलं होतं. तेजराम पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघत होता.

"साहेब आखिर म का पूछिस, दीदी? अऊ तुमन अंगरेजी म का कहेव?"

काहीही सांगता आलं असतं. त्याला काय कळणार होतं? पण आत एकाने त्याचं बोलणं फिरवून सांगितलेलं मी थोड्या वेळापूर्वीच ऐकलं होतं.

मी हिंदीत सांगितलं. म्हटलं, साहेबांनी विचारलं, एक महिना गप्प का होतीस. मी म्हटलं, मला सुपरवायझरची जागा पाहिजे होती.

सुनिताने माझा हात सोडला. तेजराम तिला म्हणाला, "चल." फाटकापर्यंत दोघं एकदाही मागे न बघता गेले. मी किल्ली शोधत राहिले.